तारणारा हवा की मार्ग दाखवणारा? ‘केवळ विश्वासाने तारण’ या सिद्धांताची आंबेडकरी चिकित्सा

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमध्ये प्रार्थनासभा वाढल्या आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये, कुणाच्या ओट्यावर, कधी भाड्याच्या हॉलमध्ये त्या भरतात. तिथे वाटल्या जाणाऱ्या पत्रकांत एक विधान हमखास असते. माणूस आपल्या चांगल्या कर्मांनी तरत नाही. येशूने त्याच्या पापांची किंमत आधीच चुकती केली आहे, त्याच्यावर विश्वास ठेवणे एवढेच माणसाच्या हाती आहे. आपल्यातले काही जण हे ऐकून हसतात, काही जण पाद्र्याशी हुज्जत घालतात, काही जण गुपचूप जाऊन बसतात. बुद्ध आणि बाबासाहेबांचा वारसा सांगणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी शोभत नाहीत. सिद्धांत समोर आला आहे तर त्याची चिकित्सा करायची.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. धर्मांतरबंदीचे कायदे आणणाऱ्यांनी आणि चर्चवर दगड मारणाऱ्यांनी हा लेख आपल्या ग्रुपवर फिरवू नये. धर्म बदलण्याचा हक्क बाबासाहेबांनी आम्हाला शिकवला आहे. तो जसा आमचा आहे तसा ख्रिस्ती होणाऱ्या आमच्या भावंडांचाही आहे. आमचे भांडण सिद्धांताशी आहे, आणि ज्यांचे आहे त्यांनाही पुढे हिशोब द्यावा लागणारच आहे.

सिद्धांत नीट समजून घेतल्याशिवाय त्यावर टीका करणे हा भटजींचा धंदा आहे, तो आपण करायचा नाही. पौल हा येशूनंतरचा प्रचारक. त्याच्यासमोर प्रश्न होता की यहुदी नसलेल्या माणसाने ख्रिस्ती होताना सुंता करावी का, खाण्यापिण्याचे विधिनिषेध पाळावेत का. पौल म्हणाला, नाही. नियमशास्त्रातली कृत्ये करून कोणी देवापुढे नीतिमान ठरत नाही, विश्वासाने ठरतो. म्हणजे मुळात हा झगडा कर्मकांडाविरुद्धचा होता. जन्माने आणि विधीने मिळणारे मोठेपण पौलाने नाकारले. इथपर्यंत आमचे त्याच्याशी काही वाकडे नाही.

पुढे दीड हजार वर्षांत चर्च स्वतःच भटशाही झाले. पैसे भरा, पापक्षमापत्र घ्या, मेलेल्या बापाची शिक्षा कमी करून घ्या, असा उघड बाजार जर्मनीत भरत होता आणि त्यातला पैसा रोमचे मोठे चर्च बांधायला जात होता. आपल्याकडचे श्राद्ध, गोदान, ब्राह्मणभोजन आठवा. फरक फक्त पावतीचा. १५१७ साली मार्टिन ल्यूथर या मठवासी प्राध्यापकाने या बाजाराविरुद्ध आवाज उठवला. माणूस देवाची कृपा विकत घेऊ शकत नाही, ती फुकट मिळते, आणि विश्वासाने मिळते, असे तो सांगू लागला. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको ही जोतीरावांची भूमिका ज्याला पटली आहे त्याला ल्यूथरच्या या बंडाचे मोल कळेल. ते आम्ही कमी लेखत नाही.

पण ल्यूथर तिथे थांबला नाही. १५२२ साली त्याने नवा करार जर्मन भाषेत आणला. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिथे पौल विश्वासाने नीतिमान ठरण्याबद्दल बोलतो तिथे ल्यूथरने ‘केवळ’ हा शब्द घातला. मूळ ग्रीकमध्ये तो नाही. लोकांनी बोट ठेवले तेव्हा १५३० साली त्याने एक खुले पत्र लिहून त्याचे समर्थन केले, जर्मन भाषेच्या वळणाला आणि पौलाच्या अर्थाला तो शब्द हवाच असे सांगितले. त्याच नव्या करारात याकोबाचे एक छोटे पत्र आहे. कृतीवाचून विश्वास मेलेला आहे, उघड्यानागड्या उपाशी माणसाला नुसता आशीर्वाद देऊन काय उपयोग, असे याकोब विचारतो. ल्यूथरला हे पत्र फार अडचणीचे वाटले. आपल्या प्रस्तावनेत त्याने त्याची संभावना गवताचे पत्र अशी केली. ज्या पत्रात गरिबाच्या पोटाचा प्रश्न सर्वांत थेट विचारला आहे तेच त्याला गवत वाटावे, हा आम्हाला योगायोग वाटत नाही.

या सिद्धांताची पहिली मोठी परीक्षा फार लवकर झाली. तीही विद्यापीठात नाही, शेतात.

१५२५ साली दक्षिण जर्मनीतले शेतकरी उठले. हे बहुतेक भूदास होते. जमीनदाराच्या परवानगीशिवाय लग्न नाही, गाव सोडणे नाही, घरातला कर्ता मेला की उत्तम जनावर मालकाला द्यायचे, शिवाय वेठबिगार. आपल्या वाडवडिलांनी महार वतनाच्या नावाखाली जे भोगले त्याची ही दूरची भावंडे. मेमिंगेन गावात जमून त्यांनी बारा मागण्या लिहिल्या. त्यातली तिसरी मागणी आम्हाला जगातल्या थोर राजकीय विधानांपैकी एक वाटते. तिचा आशय असा : ख्रिस्ताने आपले रक्त सांडून मेंढपाळालाही सोडवले आणि राजालाही, कुणालाच वगळले नाही, तर मग आम्ही कुणाचे दास कसे? ल्यूथर जे बोलत होता तेच ते त्याला ऐकवत होते, फक्त ते खरे मानून.

ल्यूथरने उत्तर दिले. जमीनदारांनाही त्याने सुरुवातीला खडसावले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तिसऱ्या मागणीवर त्याचे म्हणणे असे पडले की ही मागणी ख्रिस्ताच्या आत्मिक राज्याला ऐहिक राज्य करून टाकते. दास माणूसही ख्रिस्ती असू शकतो आणि त्याला ख्रिस्ती स्वातंत्र्य असू शकते, जसे कैद्याला किंवा आजाऱ्याला असू शकते. अब्राहामाकडेही दास होतेच की! थोडक्यात, तुझा आत्मा सुटला आहे, आता गुमान नांगर धर. उठाव वाढला तेव्हा त्याने दुसरी पुस्तिका लिहिली आणि बंडखोर शेतकऱ्यांना पिसाळलेल्या कुत्र्यासारखे मारून टाका असे सरदारांना सांगितले. सरदारांना त्याच्या परवानगीची गरज नव्हती, पण ती मिळाली. मेच्या मध्यात फ्रांकेनहाउझेनला कत्तल झाली, शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिलेला धर्मोपदेशक थॉमस म्युंट्सर याचे डोके उडवले गेले. त्या उठावात मेलेल्यांचा अंदाज लाखाच्या आसपास केला जातो.

इथे आमचा मुद्दा आहे आणि तो नीट मांडतो. ल्यूथर क्रूर होता म्हणून हे झाले, असे आम्ही म्हणत नाही. त्याचे तर्कशास्त्र त्याला तिथेच घेऊन जाणार होते. तारण जर संपूर्ण आतल्या विश्वासावर अवलंबून असेल आणि बाहेरच्या कृतीचा त्याच्याशी संबंध नसेल, तर मालकाने दास ठेवणे हे बाहेरचे झाले. दासाची बेडी बाहेरची झाली. दोघांचाही स्वर्ग पक्का आहे. मग घाई कशाची? ज्या धर्मात माणसाने माणसाशी कसे वागावे हा प्रश्न तारणाच्या हिशोबातच धरला जात नाही, तो धर्म जुलमी माणसाला उपदेश करू शकतो, विनवणी करू शकतो, पण अडवू शकत नाही.

मालक लोकांना हे तर्कशास्त्र फार लवकर समजले. अमेरिकेत व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत गुलामांना बाप्तिस्मा द्यावा की नाही यावर मळेवाले घाबरत होते, कारण ख्रिस्ती झालेला माणूस गुलाम राहतो का हा प्रश्न होता. १६६७ साली तिथल्या विधिमंडळाने कायदाच केला की बाप्तिस्म्याने गुलामाची गुलामी सुटत नाही. आता निर्धास्तपणे बाप्तिस्मा द्या! १७२७ साली लंडनच्या बिशप गिब्सनने वसाहतींमधल्या मालकांना पत्र लिहून हीच खात्री दिली की ख्रिस्ती होण्याने मालमत्तेच्या हक्कात काडीचा बदल होत नाही. मालमत्ता म्हणजे माणसे. बाबासाहेबांनी याच इतिहासाकडे बोट दाखवून लिहिले आहे की अमेरिकेतल्या निग्रोंची गुलामी संपवायला ख्रिस्ती धर्म पुरेसा पडला नाही, त्यासाठी यादवी युद्ध करावे लागले.

आता आपल्या देशात या. १७०६ साली तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडी या डॅनिश वसाहतीत त्सीगेनबाल्ग आणि प्लुत्शाव हे दोन जर्मन मिशनरी उतरले. भारतातले हे पहिले प्रॉटेस्टंट मिशन, आणि ते ल्यूथरच्याच पंथाचे. त्सीगेनबाल्ग साधा माणूस नव्हता. तो तमिळ शिकला, तमिळमध्ये नवा करार आणला, छापखाना चालवला, शाळा काढल्या. त्याबद्दल आदरच आहे. पण त्या मिशनच्या चर्चमध्ये शूद्र ख्रिस्ती एकीकडे बसत आणि परया ख्रिस्ती वेगळे बसत. एकाच देवावर विश्वास, एकाच कृपेने तारण, आणि मध्ये रिकामी जागा.

त्याच मिशनच्या तंजावर भागात राजनायकन नावाचा एक प्रचारक होता. जातीने परया, आधी सैनिक. धर्मासाठी मार खाल्लेला, पुष्कळ लोकांना ख्रिस्ती केलेला. त्याला पाळक करावे असा विषय निघाला. विश्वासात तो कुणाला कमी नव्हता, कामात तर सर्वांच्या पुढे होता. पण त्याच्या हातून प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस शूद्र ख्रिस्ती घेणार नाहीत, ही अडचण निघाली. १७४१ साली पाळकपद दिओगो या दुसऱ्या माणसाला मिळाले. विश्वासाने नीतिमान ठरलेला राजनायकन देवाला चालत होता, वेल्लाळांना चालत नव्हता. आणि मिशनने वेल्लाळांचे ऐकले.

इंग्रज बिशप डॅनियल विल्सन याने १८३३ साली फर्मान काढले की चर्चमधली जात ताबडतोब आणि कायमची सोडावी लागेल. तेव्हा तंजावर आणि मद्रासच्या वेपेरीतल्या शेकडो उच्च जातीय ख्रिस्ती लोकांनी जात सोडण्याऐवजी ते चर्च सोडले. त्यांना आसरा कुणी दिला? पुढे आलेल्या लाइपझिगच्या ल्यूथरन मिशनने. १८५० साली मद्रासच्या मिशनऱ्यांनी एकत्र येऊन जातिभेद पाळणाऱ्यांना चर्चमध्ये घेऊ नये असा ठराव केला, तेव्हाही लाइपझिगवाले बाहेर राहिले. त्यांचे म्हणणे पाहा. जात ही सामाजिक व्यवस्था आहे, तिचा तारणाशी संबंध नाही. जात सोडणे ही तारणाची अट केली तर आपण पुन्हा कृतीने तारण शिकवू लागू. वाचकांनो, हे पुन्हा वाचा. ‘केवळ विश्वास’ हा सिद्धांत इथे जात राखायला उघडउघड वापरला गेला. मेमिंगेनच्या शेतकऱ्याला ल्यूथरने दिलेले उत्तर तीनशे वर्षांनी तमिळनाडूच्या परयाला मिळाले.

यावर ख्रिस्ती मित्र एक चांगला आक्षेप घेतात. कॅथॉलिक चर्च तर ‘केवळ विश्वास’ मानतच नाही. १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेत त्यांनी तो अधिकृतपणे फेटाळला. तरी त्यांच्यातही जात आहेच ना? आहे, आणि जोरात आहे. मदुराईत सतराव्या शतकात रॉबर्तो दे नोबिली ब्राह्मण संन्याशाचा वेष घेऊन, जानवे घालून राहिला आणि उच्च जातींसाठी वेगळे मिशनरी, खालच्यांसाठी वेगळे, अशी व्यवस्था तिथे उभी राहिली. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजातले बामण आणि चारडो लग्न जुळवताना आजही ओळखू येतात. तेव्हा सिद्धांत जात निर्माण करतो असा आमचा दावाच नाही. जात हिंदूंनी निर्माण केली. आमचा दावा एवढाच आहे की धर्मांतर करून आलेला उच्च जातीय माणूस जात घेऊन आत शिरतो तेव्हा त्याला दारात थांबवण्याचे हत्यार धर्माकडे असायला हवे. कॅथॉलिकांनी ते हत्यार मिसा, संस्कार आणि नवसांच्या ढिगाखाली हरवले. ल्यूथरच्या लोकांनी ते सिद्धांत म्हणून खाली ठेवले. परिणाम सारखा झाला हे खरे, पण दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण तिथे जाब विचारणाऱ्यालाच चूक ठरवता येते.

ल्यूथर असेही म्हणाला होता की चांगल्या झाडाला चांगली फळे आपोआप येतात, तशी खऱ्या विश्वासातून चांगली कृती निघते. ठीक. तरंगमबाडीला झाड लावून तीनशे वर्षे झाली. फळाची वाट किती पिढ्यांनी पाहायची?

दुसरा आक्षेप याहून खोल आहे आणि तो आमच्याच माणसांकडून येतो. ते म्हणतात, ‘अहो, कर्माने तारण हीच तर आपली फास होती. मागच्या जन्मीच्या कर्मामुळे तू महार, मांग झालास, असे हजारो वर्षे सांगितले. आता कुणी म्हणतो की कर्माचा हिशोबच नाही, देवाने सगळे माफ केले. ते ऐकून माणसाला हलके वाटणार नाही का?’ वाटणार. त्या हलकेपणाची टिंगल आम्ही करणार नाही. पण इथे ‘कर्म’ या मराठी शब्दाने मोठा घोटाळा केला आहे. एक कर्म म्हणजे कर्मकांड : सुंता, यज्ञ, उपास, श्राद्ध. दुसरे कर्म म्हणजे कर्मविपाक : मागच्या जन्मीचे प्रारब्ध. तिसरे कर्म म्हणजे आचरण : आज, इथे, शेजारच्या माणसाशी मी कसा वागतो. पौलाने पहिल्या कर्माला नकार दिला. आपल्या माणसाला सुटका हवी आहे ती दुसऱ्यापासून. पण पत्रकातला उपदेशक ‘कर्माने तारण नाही’ म्हणतो तेव्हा तो तिसरेही त्याच पाटीत भरून फेकून देतो. बुद्धाने नेमके उलटे केले. कर्मकांड फेकले, जन्मावरून ठरणारे मोठेपण फेकले, आणि आचरण मध्यभागी आणून ठेवले.

आणि दुसऱ्या कर्मापासून तरी सुटका होते का? बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर जे लिहिले, जे त्यांच्या हयातीत छापले गेले नाही आणि सरकारी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात १९८९ साली आले, त्यात याचे उत्तर आहे. त्यांचे निरीक्षण असे : अस्पृश्य हिंदू होता तेव्हा त्याला सांगितले जाई की तुझी अधोगती तुझ्या पूर्वकर्मामुळे, ख्रिस्ती झाल्यावर त्याला सांगितले जाते की ती आदाम नावाच्या पूर्वजाच्या पापामुळे. दोन्हीकडे त्याला खाली ढकलणारी समाजव्यवस्था नामानिराळी राहते. त्यामुळे तिच्याशी लढण्याची ताकदच त्याच्यात उभी राहत नाही. तारणाचा सिद्धांत उभा आहे तो याच आदिपापाच्या पायावर. आजार चुकीचा सांगितला की औषधही चुकीचे मिळते.

बाबासाहेब हे ख्रिस्ती लोकांच्या पाठीमागे बोलत नव्हते. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढेच त्यांनी भाषण केले. आपल्यावर बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींचा प्रभाव आहे असे तिथे सांगितले, आणि त्याच भाषणात दक्षिणेतले ख्रिस्ती चर्चमध्ये जात पाळतात आणि ख्रिस्ती समाज राजकारणापासून दूर राहतो म्हणून मागे पडतो, हेही सुनावले. आदर आणि जाब दोन्ही एकाच श्वासात. आपल्या जिल्ह्यांत हा विषय परका नाही. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून अहमदनगरला आहे. त्याचे बहुसंख्य ख्रिस्ती पूर्वाश्रमीचे महार आणि मांग. शाळा, दवाखाने, वसतिगृहे त्या मिशनने दिली. आपल्यातल्या कितीतरी घरांत पहिले अक्षर त्या शाळेतून आले. गंमत अशी की तारणाशी ज्यांचा संबंध नाही असे शिकवले गेले, त्या कृतींनीच मिशनची आठवण राहिली आहे.

कुणी म्हणेल, तुम्ही ख्रिस्ती धर्मावरच का घसरता? घसरत नाही. हाच सिद्धांत हिंदूंकडे त्याहून भडक रूपात आहे. भागवतातला अजामिळ जन्मभर वाटेल ते करतो आणि मरताना नारायण नावाच्या आपल्या मुलाला हाक मारतो. तेवढ्या नावावर विष्णूचे दूत त्याला सोडवून नेतात! दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत तर पंथच पडले : माकडाचे पिल्लू आईला स्वतः धरून ठेवते तसे भक्ताने करावे, की मांजर पिल्लाला तोंडात धरून नेते तसे देवाने न्यावे? मांजरीच्या बाजूचे लोक ल्यूथरचे सख्खे चुलत भाऊ शोभतील. या सगळ्या कृपेने चोखोबांना पंढरपूरच्या देवळाच्या आत नेले का? त्यांची समाधी पायरीपाशीच आहे.

आणि बौद्ध म्हणवणारेही यातून सुटले नाहीत. जपानमध्ये तेराव्या शतकात शिनरान याने शिकवले की माणूस स्वतःच्या बळावर काही साधू शकत नाही, अमिताभ बुद्धाच्या प्रतिज्ञेवर श्रद्धा ठेवणे हाच उपाय. सोळाव्या शतकात तिथे पोचलेल्या जेझुइट पाद्र्यांनी ही शिकवण ऐकून कपाळाला हात लावला की ही तर ल्यूथरची शिकवण, सैतान इथे आधीच पोचला आहे! शिनरान स्वतः खालच्या लोकांत राहिला. पण जपानचे अस्पृश्य, ज्यांना बुराकुमिन म्हणतात, त्यातले बहुसंख्य त्याच्याच पंथाचे. आणि त्यांच्यासाठी देवळे वेगळी. बौद्ध भिक्षूंनी मेल्यानंतर दिलेल्या नावांतसुद्धा ‘जनावर’ या अर्थाची अक्षरे घालून कबरींवर कोरली. १९२२ साली बुराकुमिनांनी सुइहेइशा ही संघटना उभारली तेव्हा त्यांनी होंगान्जी या आपल्याच मठाला जाब विचारला. त्यांच्या नेत्यांपैकी एक, साइको मांकिची, त्याच पंथाच्या देवळात वाढलेला होता. म्हणजे बुद्धाचे नाव लावले म्हणून कुणी सुरक्षित नाही.

म्हणूनच बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये एका गोष्टीवर इतका भर दिला : बुद्ध मोक्षदाता नाही, मार्गदाता आहे. येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटले आणि तारणासाठी ते मान्य करण्याची अट घातली. बुद्धाने आपल्या धम्मात स्वतःला असे कोणतेही स्थान दिले नाही. गणक मोग्गल्लान नावाचा ब्राह्मण बुद्धाला विचारतो की तुमचे सगळे शिष्य निर्वाणाला पोचतात का. बुद्ध सांगतो, काही पोचतात, काही नाही. असे का? बुद्ध त्याला राजगृहाच्या रस्त्याचे उदाहरण देतो. रस्ता नीट सांगूनही एखादा उलट्या दिशेला गेला तर सांगणारा काय करणार? आम्हाला या उत्तरात एक रुक्षपणा दिसतो आणि तोच आवडतो. यात चालणाऱ्याच्या पायांचा मान आहे.

ख्रिस्ती ग्रंथात हा धागाच नाही असे नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, येशू शेवटच्या न्यायाचे चित्र काढतो. तिथे कुणाला विश्वास विचारला जात नाही. भुकेल्याला खायला दिलेत का, उघड्याला वस्त्र दिलेत का, तुरुंगातल्याला भेटलात का, एवढेच विचारले जाते. जे या धाकट्यांसाठी केले ते माझ्यासाठीच केले, असा त्याचा आशय. विनयपिटकात बुद्ध विष्ठेत पडलेल्या आजारी भिक्षूला स्वतः धुतो आणि संघाला सांगतो की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. बाबासाहेब बुद्ध आणि ख्रिस्ताची नावे एका वाक्यात घेत होते ती आम्हाला इथे समजतात. ख्रिस्ती माणसांतही हे ज्यांना कळले ते होते. डिट्रिख बोनहोफर, स्वतः ल्यूथरन पाळक, याने १९३७ साली आपल्याच चर्चवर आरोप केला की तुम्ही स्वस्त कृपा विकता, जिच्यात पापाला क्षमा आहे पण पाप्याने बदलण्याची गरज नाही. हिटलरविरुद्ध उभा राहिला म्हणून १९४५ च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिले. आपल्याकडे अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात दलित ईशविज्ञान उभे केले आणि चर्चला विचारले की तुमचा देव दलितांच्या बाजूचा आहे की नाही.

आता स्वतःच्या घरात पाहू, नाहीतर हा लेख फुकटचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा काढून वाचा. बाबासाहेब मला तारतील असे एकीतही नाही. चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही, समता आणण्यासाठी झटेन. सगळी क्रियापदे आपल्या अंगावर येणारी आहेत. आणि आपण काय करतो? दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर रांगेत उभे राहून मेणबत्ती लावतो, डीजेवर नाचतो, आणि सोयरिक जुळवताना पोटजात विचारतो. मांग, चांभार समाजातला मुलगा जावई म्हणून चालत नाही, पण स्टेटसला ‘बाप एकच’. हा ‘केवळ विश्वास’ नाही तर काय आहे? फोटो भिंतीवर लावला की तरलो, हे अजामिळाचेच शास्त्र आहे, फक्त नाव बदलले.

राहिला कायद्याचा प्रश्न, आणि तिथे या सिद्धांताचा हिशोब अगदी कागदावर येतो. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुस्लीम दलित आजही बाहेर आहेत. १९८५ साली सूसाई नावाच्या ख्रिस्ती चर्मकाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की नव्या धर्मातही तसाच जाच तितक्याच तीव्रतेने चालू आहे हे दाखवा. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली, पुढे काही झाले नाही. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला. आमची भूमिका साफ आहे. जात धर्म बदलून जात नाही, म्हणून दलित ख्रिस्ती बांधवांना हा दर्जा मिळाला पाहिजे, आणि आरक्षणाचा वाटा वाढवून मिळाला पाहिजे. पण वस्तुस्थिती पाहा. जो समाज रविवारी ऐकतो की विश्वासाने सर्व काही नवे झाले, त्यालाच सोमवारी न्यायालयात सांगावे लागते की काहीही नवे झाले नाही, माझी जात जशीच्या तशी आहे.

मग या पुराव्याची कागदपत्रे चर्चनेच पुढे आणावीत. भारतातल्या कॅथॉलिक बिशपांनी २०१६ साली चर्चमधल्या अस्पृश्यतेची कबुली देणारे धोरण जाहीर केले; ते एक पाऊल झाले. प्रत्येक धर्मप्रांताने आणि प्रत्येक मिशनने जाहीर करावे की त्यांचे किती पाळक, किती बिशप, संस्थांचे किती विश्वस्त दलित आहेत, आणि कुठल्या गावात दफनभूमीत अजून भिंत आहे. पत्रक घेऊन वस्तीत येणाऱ्या पाद्र्याला चहा द्या, बसायला द्या, आणि त्याच्या पंथाचा हा तक्ता मागा.

जय भीम!